गड्याचा रोज, बायांचा रोज अन् मधला फरक: डीकम्पोझिशन आधी हातानं कसं करायचं

आमच्याकडं सर्व्हेची कामं करणाऱ्या पोरापोरींचा एक ठरलेला प्रश्न असतो, ताई डेटा तर आला, गड्याची सरासरी एवढी, बायांची एवढी, टी टेस्ट पण सिग्निफिकंट आली, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा वाटत नाही, आता पुढं काय लिहू? पुढं हेच लिहायचं असतं की हा फरक कशानं पडला, अन् कशाचा वाटा किती. त्यालाच डीकम्पोझिशन म्हणतात. नाव लई मोठं आहे पण मोंढ्यात माल घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट न शिकवता येते. यंदाची पट्टी मागच्या वर्षीपेक्षा कमी आली तर घरी आल्यावर पहिला प्रश्न हाच, माल कमी गेला का भाव कमी लागला? दोन्ही झालं असंल तर मालामुळं किती बुडाले अन् भावामुळं किती? बस, एवढंच. बाकीचं सगळं ह्याच प्रश्नावर चढवलेले कपडे आहेत.

एव्हलिन किटागावा नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली हा हिशोब दोन दरांच्या फरकासाठी नीट मांडून दाखवला. समजा एका जागचा मृत्युदर जास्त आहे, तर तिथं म्हातारी माणसं जास्त आहेत म्हणून, का प्रत्येक वयात माणसं खरंच जास्त मरायलीत म्हणून? मग १९७३ साली रोनाल्ड ओहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळं बसून पगाराच्या फरकाला हीच कल्पना रिग्रेशन, म्हणजे शिक्षण, वय असल्या एकेका गोष्टीनं पगार किती बदलतो ते काढणारं समीकरण, घेऊन लावली, अन् तेव्हापासून अर्थशास्त्रात त्याला ओहाका-ब्लाइंडर म्हणतात. स्पेलिंग बघून ओक्साका ओक्साका करू नका, व्हायवात लोक हसतात, मेक्सिकोतल्या त्या नावाचा उच्चार वाहाका असा आहे.

माझं म्हणणं एकच, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघा. खालचे आकडे मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून मनानंच धरलेत, कुठल्या गावचे नाहीत, उद्या कुणी थिसिसमधे टाकू नका.

दोन कामं धरा. एक खुरपणी, अन् दुसरं भारी काम म्हणजे फवारणी, औत, पोती उचलणं वगैरे. गड्यांच्या १०० दिवसांतले २० दिवस खुरपणीत गेले अन् ८० भारी कामात. बायांचे ९० खुरपणीत, १० भारी कामात. रोज असा: गड्याला खुरपणीचे ३०० अन् भारी कामाचे ५००, बाईला खुरपणीचे २५० अन् भारी कामाचे ४००. गड्याची सरासरी काढा, ०.२ गुणिले ३०० म्हणजे ६०, त्यात ०.८ गुणिले ५०० म्हणजे ४००, झाले ४६०. बाईची २२५ अधिक ४० म्हणजे २६५. फरक १९५ रुपये.

आता ह्या १९५ चे दोन तुकडे करायचेत. एक तुकडा कामाच्या वाटणीचा, म्हणजे बाया खुरपणीतच जास्त आहेत म्हणून पडलेला फरक. दुसरा दराचा, म्हणजे एकाच कामाला कमी रोज म्हणून पडलेला. पहिला असा काढा: बायांना गड्यासारखी वाटणी दिली असती, म्हणजे ७० टक्के दिवस खुरपणीतून उचलून भारी कामात टाकले असते, तर किती वाढले असते? गड्याच्या दरानं धरलं तर ०.७ गुणिले २००, म्हणजे १४०. राहिलेले ५५ दराचे. ताळा करून बघा, बायांच्या वाटणीवर दराचा फरक लावा, ०.९ गुणिले ५० अधिक ०.१ गुणिले १००, बरोबर ५५.

पण थांबा, गड्याच्याच दरानं कामून धरायचं? बायांच्या दरानं धरा की. मग ०.७ गुणिले १५०, म्हणजे १०५ वाटणीचे अन् ९० दराचे. डेटा तोच, फरक तोच १९५, पण पहिल्या हिशोबात वाटणीचा हिस्सा ७२ टक्के होता अन् दुसऱ्यात ५४. हिशोब दोन्ही बरोबर आहेत, उत्तरं दोन. माल अन् भाव दोन्ही एकदम बदलले की मधे एक तुकडा असा उरतो जो कुणा एकाचा नसतो, इथं तो ३५ रुपयांचा आहे. १०५ वाटणीचे, ५५ दराचे अन् ३५ दोघांचे मिळून, हे झालं तीन तुकड्यांचं डीकम्पोझिशन, तिसऱ्याला इंटरॅक्शन म्हणतात. किटागावाबाईंनी दोन्ही बाजूंची सरासरी घेतली, तसं केलं की ३५ चे निम्मे इकडं निम्मे तिकडं जातात, १२२.५० अन् ७२.५०.

मग लिहायचं कोणतं? हे गणित सांगत नाही, तुमचा प्रश्न सांगतो. बायांना बाजारभावापेक्षा कमी मिळतंय असं तुमचं म्हणणं असंल तर गड्याचा दर हाच खरा दर धरा. गड्यालाच जास्त मिळतंय असं वाटत असंल तर उलटं. दोघांना एकत्र करून एक मधला दर काढायची पण पद्धत आहे, पूल्ड म्हणतात, त्यात फक्त एक करा, एकत्र रिग्रेशन चालवताना स्त्री-पुरुष हा डमी, म्हणजे ०-१ चा रकाना, आत ठेवा. तो काढून टाकला की बाई असण्याचा परिणाम दुसऱ्या व्हेरिएबलच्या अंगावर चढतो अन् एक्सप्लेन्ड, म्हणजे आपला वाटणीचा, भाग फुगून दिसतो. मी स्वतः दोन्ही टोकं टेबलात देते, १०५ ते १४० असं, अन् गाइडनं विचारलं तर सांगते की सर खरं उत्तर ह्याच्यात कुठंतरी आहे. त्यांना एकच आकडा पाहिजे असतो, ते वेगळं.

रिग्रेशनकडं जायच्या आधी मोजमापाची एक गोष्ट सांगते कारण निम्मे डीकम्पोझिशन इथंच वाया जातात. जिंतूरकडं एका सोयाबीनच्या बांधावर बसून मी फॉर्म भरत होते, खुरपणीचा रोज, गडी एवढा, बाई एवढा. एक मावशी खुरपं थांबवून माझ्या फॉर्मात डोकावल्या अन् म्हणल्या, त्यो सक्काळी आठला येतो न पाचला जातो, आमाला दहा वाजतेत, भाकरी टाकून लेकरं साळंत लावून मंग निघावं लागतंय, अन् सहापस्तोर वाकून असतो, तू तासावर धर की. फॉर्मात तासाचा रकानाच नव्हता. मी समासात लिहायला लागले, अन् त्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मात तास असतोच. वरच्या मनानं धरलेल्या आकड्यांना त्यांचे तास लावून बघा, दोघांचा एकेक तास जेवणाचा वजा करा. गड्याचे ८ तास, ताशी ३७.५० रुपये. बाईचे ७ तास, ताशी ३५.७० च्या आसपास. दिवसावर धरलं तर खुरपणीत बाईला सोळा-सतरा टक्के कमी होते, तासावर धरलं तर पाच टक्केसुद्धा नाही. म्हणजे दराचा म्हणून जो तुकडा आपण भेदभाव भेदभाव म्हणून मिरवणार होतो त्यातला मोठा भाग तासाचा निघाला. आता बाई दहालाच कामून येते हा प्रश्न राहतोच, त्याच्याकडं मी खाली येते.

आता रिग्रेशन. खऱ्या डेटात नुसतं काम नसतं, शिक्षण असतं, वय असतं, जमीन असते, जिल्हा असतो, मग एकेक खाना करून किटागावा पद्धतीनं बसलात तर खाने रिकामे पडायला लागतात. म्हणून ताशी रोजाचा लॉग घ्यायचा, गड्यांचं एक रिग्रेशन वेगळं चालवायचं, बायांचं वेगळं, व्हेरिएबल दोन्हीत तेच. मग प्रत्येक व्हेरिएबलची गड्यातली सरासरी अन् बायांतली सरासरी काढायची, त्यांचा फरक गुणिले गड्याचा कोइफिशंट (व्हेरिएबल एकनं वाढला की रोजाचा लॉग किती हलतो तो आकडा), हा झाला एक्सप्लेन्ड. अन् कोइफिशंटचा फरक गुणिले बायांची सरासरी, त्यात दोन्ही इंटरसेप्टचा (सगळे व्हेरिएबल शून्य धरल्यावर उरणारा आकडा) फरक मिळवला की झाला अनएक्सप्लेन्ड, म्हणजे आपला दराचा तुकडा. मालाच्या जागी सरासरी आली अन् भावाच्या जागी कोइफिशंट, दुसरं काही नाही. एक्सेलमधे दोन रिग्रेशन अन् एक समप्रॉडक्ट एवढ्यावर होतं. स्टाटा ह्या सॉफ्टवेअरात बेन यान यांची ओहाका नावाची कमांड आहे, २००८ पासून लोक तीच वापरतात, अन् आर ह्या सॉफ्टवेअरमधे पण ओहाका नावाचंच पॅकेज आहे, ते स्टँडर्ड एरर (आकडा किती डळमळीत आहे ते) बूटस्ट्रॅपनं, म्हणजे नमुन्यातून परत परत नमुने उचलून, काढतं त्यामुळं जुन्या लॅपटॉपवर चालवलं तर चहा करून यायला वेळ मिळतो.

दोन्ही तुकड्यांची बेरीज मूळ फरकाला पैशापर्यंत जुळलीच पाहिजे, कारण इंटरसेप्ट असलेली साधी रिग्रेशनची रेष सरासरीतूनच जाते. जुळली नाही तर घोळ बहुतेक वेळा दोनच जागी असतो. एक, रिग्रेशननं मिसिंग असलेल्या ओळी गाळल्या अन् तुम्ही सरासरी सगळ्या ओळींची काढली. दोन, एकीकडं वेट (नमुन्यातली एक ओळ किती माणसांच्या वतीनं आहे तो आकडा) लावले अन् दुसरीकडं विसरलात. अन् लॉगमधला फरक ०.३० आला तर ३० टक्के लिहू नका, ई चा (म्हणजे २.७१८ चा) तेवढा घात काढून एक वजा करा, ३५ टक्के येतो.

आता खरा खड्डा, ज्यात मी स्वतः पडले. डीकम्पोझिशन चाललं, मग मला हाव सुटली, की अनएक्सप्लेन्ड भागातला कामाचा किती, शिक्षणाचा किती, जिल्ह्याचा किती असं एकेक करून दाखवावं. टेबल झाकास आलं. कामाच्या प्रकाराचा वाटा एवढा, त्याच्यावर मी दोन पानं अर्थ लिहिला. महिनाभरानं दुसऱ्या कामासाठी डमीचा बेस, म्हणजे ज्याला शून्य धरून बाकीचे तोलतो तो प्रकार, बदलला, सहज परत चालवलं, अन् तो वाटा प्लसचा मायनस झाला. मला वाटलं डेटा करप्ट झालाय. रात्रभर मी फाइल तपासायलेय अन् फाइलमधे काहीच नाही.

वरच्याच आकड्यांवर दाखवते. खुरपणी बेस धरा. गड्याचा इंटरसेप्ट ३००, भारी कामाचा कोइफिशंट २००. बाईचा २५० अन् १५०. अनएक्सप्लेन्ड काढा: इंटरसेप्टचा फरक ५०, कामाचा ५० गुणिले ०.१ म्हणजे ५, एकूण ५५. आता भारी काम बेस धरा. गड्याचा इंटरसेप्ट ५००, खुरपणीचा कोइफिशंट उणे २००. बाईचा ४०० अन् उणे १५०. इंटरसेप्टचा फरक १००, कामाचा उणे ५० गुणिले ०.९ म्हणजे उणे ४५, एकूण परत ५५. एकूण हललं नाही, एक्सप्लेन्डमधले १४० पण हलले नाहीत, पण कामाचा वाटा अधिक ५ होता तो उणे ४५ झाला, फक्त मी कुणाला शून्य म्हणलं त्याच्यावर. ज्या आकड्याचं अधिक-उणे चिन्ह बेस बदलल्यावर फिरतं त्याच्यावर दोन पानं लिहायची नसतात. वयाचं पण तसंच, वय शून्यापासून मोजा का अठरापासून, इंटरसेप्टचा अन् वयाचा वाटा बदलतो. ह्याच्यावर डमी नॉर्मलाइज करायचा उपाय आहे, म्हणजे कुणालाच बेस न ठेवता सगळ्यांची सरासरी शून्य धरायची, कमांडमधे तसा ऑप्शन पण आहे, तो लावला की उत्तर निदान बेसवर अवलंबून राहत नाही, पण सरासरीला शून्य म्हणणं हा पण एक निवाडाच झाला. मी आजकाल अनएक्सप्लेन्डचा फक्त एकूण आकडा देते अन् एकेक वाटा फक्त एक्सप्लेन्डचा दाखवते. कुणी हट्ट धरला तर दोन बेसची दोन टेबलं शेजारी ठेवते.

ह्याच्याहून मोठी चूक मात्र गणिताची नाही, वाचायची आहे. अनएक्सप्लेन्ड म्हणजे भेदभाव अन् एक्सप्लेन्ड म्हणजे रास्त, असं सरसकट लिहितात. दोन्ही खोटं. अनएक्सप्लेन्डमधे तुम्ही जे मोजलं नाही ते सगळं येऊन बसतं, तासाचा रकाना नव्हता तेव्हा तासही तिथंच बसले होते. अन् एक्सप्लेन्डचं तर लईच जपून. बाई भारी कामाला नाही म्हणून तिचा रोज कमी, हे एक्सप्लेन्ड झालं, पण फवारणीचा पंप बाईच्या पाठीवर कुणी दिला का कधी? समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ ला आला, आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे, ती एकसारख्या कामाची मजुरी बघते, म्हणजे आपल्या दराच्या तुकड्यावर बोट ठेवते. वाटणीचे १४० रुपये त्या तरतुदीला दिसतसुद्धा नाहीत, भावात कुठं फसवणूक नाही, माल वेगळा आहे एवढंच. मावशी दहाला येतात ते पण असंच, भाकरी टाकायचे दोन तास कुठल्याच मस्टरवर नाहीत.

मराठवाड्यातल्या माणसाला तर हे अनुशेषावरून लगेच कळायला पाहिजे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीनं १९८४ ला अहवाल दिला तेव्हापासून, मग २०१३ च्या केळकर समितीपर्यंत, आपण अनुशेष अनुशेष ऐकतच मोठे झालो. आता समजा कुणी पश्चिम महाराष्ट्र अन् मराठवाड्यातल्या शेतीच्या उत्पन्नातल्या फरकाचं डीकम्पोझिशन केलं, सिंचन, रस्ते, कर्ज, शिक्षण सगळं टाकलं, अन् फरकातला बहुतेक भाग एक्सप्लेन्ड निघाला. ह्याचा अर्थ मराठवाड्यावर अन्याय झाला नाही असा होतो का? उलट, पाणी पोचलं नाही हाच तर अनुशेष, अन् तो नेमका एक्सप्लेन्डच्या रकान्यात जाऊन बसला. डीकम्पोझिशन फक्त एवढं सांगतं की पाणी सारखं असतं अन् पाण्याचा भाव तोच राहिला असता तर हिशोबात फरक किती उरला असता. पाणी कामून आलं नाही ते त्याला विचारू नका, अन् खरंच पाणी दिल्यावर किती उत्पन्न वाढंल ते पण नाही, कारण सगळ्यांकडं पाणी आलं की सगळेच ऊस लावतील अन् भाव तोच राहणार नाही.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. पीएलएफएस ह्या सरकारच्या रोजगाराच्या सर्व्हेचा युनिट लेव्हल, म्हणजे एकेका माणसाचा, डेटा वापरणार असाल तर त्यात मराठवाडा ह्या नावानं शोधू नका, एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्व्हेच्या, भाषेत आपला प्रदेश इनलँड सेंट्रल आहे. हा सर्व्हे २०१७-१८ पासूनचा आहे, त्यात रोजंदारीवाल्याला आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाचं काम, मजुरी अन् तास विचारलेले असतात, म्हणजे मावशींचं म्हणणं तिथं पाळलेलं आहे. मल्टिप्लायर, म्हणजे तेच वेट, लावल्याशिवाय सरासरी काढू नका. नमुन्यात अख्ख्या गावात फवारणी करणारी एकही बाई नसंल तर रिग्रेशन गप्प बसत नाही, ते अंदाज ठोकून देतं, म्हणून आधी साधं क्रॉस टॅब काढून बघा कुठले खाने रिकामे आहेत. न्योपो यांनी २००८ साली ह्याच्यासाठी मॅचिंगची पद्धत दिली, जिथं जोडी जुळते तिथलाच फरक समजावायचा अन् न जुळणाऱ्यांचा वेगळा दाखवायचा. नमुना छोटा असंल तर मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ज्या बाया कामाला जातच नाहीत त्यांचा रोज डेटात नसतो, त्यासाठी हेकमन यांचं १९७९ चं सिलेक्शन करेक्शन लावतात, पण त्याला असं एक व्हेरिएबल लागतं जे बाईच्या कामाला जाण्यावर परिणाम करतं अन् रोजावर नाही, तसं सापडणं अवघड, लहान लेकरांची संख्या टाकून मोकळं होणारे लई आहेत.

निकाल पास-नापास असा असंल, जसं बारावीत कुणाचे किती टक्के पास, तर सरळ रेषेच्या जागी लॉजिट, म्हणजे हो-नाही निकालाचं वाकड्या रेषेचं रिग्रेशन, येतं अन् सरासरीवर गुणाकार करून बेरीज जुळत नाही, तिथं फेअरली किंवा युन यांच्या पद्धती वापरा. पोरांचं म्हणणं असतं की सरासरीत मजा नाही, वरच्या अन् खालच्या पगारात फरक वेगळा आहे, बरोबर आहे, त्यासाठी डिनार्डो, फोर्टिन अन् लेमियू यांची १९९६ ची रीवेटिंगची पद्धत आहे अन् फिर्पो, फोर्टिन, लेमियू यांची २००९ ची रिफ रिग्रेशन आहे, पण पहिल्या थिसिसला सरासरीचं नीट झालं तरी पुष्कळ.

अन् शेवटी बीडकडचे लोक विचारतात म्हणून, ऊसतोडीच्या डेटाचं काय करायचं? तिथं मजुरी टनावर, अन् हिशोब कोयत्याचा, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पण तिच्या नावानं रोज असा लिहिलेलाच नसतो. मग काही जण काय करतात, टनाचे पैसे दोघांत निम्मे निम्मे वाटतात, अर्धा कोयता तिचा अर्धा त्याचा. तसं केलं की फरक शून्य येणारच, तो तुम्हीच शून्य केलाय, अन् त्या शून्यानं बाकीच्या सगळ्या डेटातला फरक पण खाली ओढला जातो. काही जण उलटं करतात, सगळे पैसे नवऱ्याच्या ओळीत टाकून बाईला बिनपगारी घरकाम करणारी म्हणून गाळून टाकतात. मी त्या ओळी डीकम्पोझिशनमधून बाहेर ठेवते, टेबलाखाली किती ओळी अन् कामून बाहेर ठेवल्या ते लिहिते, अन् त्या जोड्यांचा हिशोब वेगळ्या टेबलात तासावर मांडते, दोघं पहाटे कितीला उठले अन् कोण किती वाजता झोपलं इथपासून.